आरशातला अनोळखी माणूस

स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण आरशासमोर उभे राहिले की स्वतःला ओळखत नाहीत. समोर दिसतो तो दुसराच कुणीतरी, आपल्यासारखा दिसणारा, आपल्या मागे मागे फिरणारा, अशी त्यांची पक्की खात्री असते. गंमत वाटावी असा हा प्रकार नाही. त्या ‘पाहुण्या’शी कुणी गप्पा मारतं, कुणी त्याला घाबरतं, कुणी त्याला घराबाहेर काढा म्हणून हट्ट धरतं. समजावून काही उपयोग होत नाही. शेवटी घरची माणसं कपाटाच्या आणि बेसिनवरच्या आरशांवर चादरी टाकतात.

सिडनीतल्या संशोधकांनी २००० सालच्या सुमारास अशा दोन रुग्णांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. भ्रम दोघांचा एकच, पण मुळाशी असलेला बिघाड वेगळा. एकाला चेहरे नीट ओळखता येत नव्हते. दुसऱ्याला चेहरे ओळखता येत होते, पण आरसा ही वस्तूच त्याला उमगत नव्हती. त्याच्या पाठीमागे धरलेली वस्तू आरशात दाखवली, तर ती घ्यायला तो आरशाकडे हात नेई.

इथे एक साधा प्रश्न उभा राहतो. मेंदूला इजा झाल्यामुळे चेहरे ओळखता न येणारी माणसं पुष्कळ असतात. त्यांतले बहुतेक म्हणतात, ‘चेहरा ओळखीचा वाटत नाही, पण आरशात मीच असणार.’ मग या मोजक्यांनाच तो परका माणूस का वाटतो? मॅक्वारी विद्यापीठातले मॅक्स कोल्टहार्ट आणि रॉबिन लँग्डन यांचं म्हणणं असं, की भ्रमाला दोन बिघाड लागतात. पहिल्यामुळे विचित्र अनुभव येतो. दुसरा बिघाड मनातल्या तपासनिसाचा: डोक्यात आलेली अशक्य कल्पना खोडून काढण्याची आपली रोजची क्षमता लंगडी पडते. पहिला एकटाच असेल तर माणूस गोंधळतो. दोन्ही एकत्र आले की त्याचा विश्वास बसतो.

सिद्धांत नेटका आहे, पण तपासायचा कसा? असे रुग्ण क्वचित सापडतात, ते वयस्क असतात, त्यांच्या मेंदूत एकाच वेळी दहा ठिकाणी झीज झालेली असते, आणि आजार सुरू होण्याआधी ते कसे होते याची मोजमापं कुणाकडे नसतात. घरातली वीज गेली की वायरमन एकेक फ्यूज काढून आणि पुन्हा बसवून दोष शोधतो. माणसाच्या मेंदूबाबत हे करता येत नाही, कारण काढलेलं परत बसवता येत नाही. करता येईल असा एक मार्ग मात्र आहे, आणि तो बऱ्याच वाचकांना अनपेक्षित वाटेल. तो मार्ग म्हणजे संमोहन.

मॅक्वारीमधल्या अमँडा बार्नियर, रोशेल कॉक्स, मायकेल कॉनर्स आणि सहकाऱ्यांनी निरोगी विद्यार्थी घेतले. सगळे नव्हेत, आधी प्रमाणित चाचण्या घेऊन संमोहनाला सहज प्रतिसाद देणारे तेवढे निवडले. त्यांना संमोहित करून सूचना दिली, की आता आरशात पाहाल तेव्हा तुम्हाला एक अनोळखी माणूस दिसेल. मग आरसा समोर आणला. त्यातल्या बऱ्याच जणांना खरोखरच अनोळखी माणूस दिसला. त्याच्या चेहऱ्यात आपल्याहून काय वेगळं आहे, हेही काहींनी सांगितलं.

या प्रयोगाचा पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी त्या विश्वासाला धक्के द्यायला सुरुवात केली. तुमची आई इथे आली आणि म्हणाली की हा तूच आहेस, तर काय म्हणाल? तो माणूस तुमच्यासारखाच कसा दिसतो? तुम्ही नाकाला हात लावलात, त्यानेही लावला, असं का? शेवटी प्रयोग घेणारी व्यक्ती स्वतः आरशात दिसेल अशी बाजूला येऊन उभी राहिली. सहभागी माणसाला तिचं प्रतिबिंब ओळखू येत होतं, तरी त्याच आरशातला आपला चेहरा काही जणांना परकाच वाटत राहिला. रुग्णाचे नातेवाईक घरी जे जे करून थकतात, ते सगळं इथे शिस्तीत करून पाहिलं गेलं, आणि उत्तरंही बरीचशी रुग्णांसारखीच मिळाली. मग सूचना मागे घेतली गेली आणि आरशात पुन्हा आपला नेहमीचा चेहरा दिसू लागला.

पुढच्या प्रयोगांत त्यांनी सूचनेचे तुकडे केले. थेट ‘अनोळखी माणूस दिसेल’ असं न सांगता नुसतंच सांगितलं की समोर आरसा नाही, खिडकी आहे. किंवा दिसणारा चेहरा तुम्हाला ओळखता येणार नाही. परका माणूस आपण सुचवायचाच नाही, तो मनाने स्वतः तयार केला तर करू द्यायचा. आणि काही जणांच्या मनाने तो केला. संमोहनाशिवाय, जाग्या अवस्थेत तीच सूचना दिली तर परिणाम बराच कमी होता. यावरून कॉनर्स आणि मंडळींनी तर्क बांधला की संमोहनाची अवस्थाच तपासनिसाला काही काळ बाजूला बसवते, म्हणजे दुसऱ्या बिघाडाचं काम आपसूक होतं. हा तर्क शंभर टक्के सिद्ध झालेला नाही. पण जो प्रश्न रुग्णांच्या खाटेशेजारी बसून वर्षानुवर्षं सुटला नसता, तो निदान विचारता येऊ लागला.

संमोहन म्हटलं की आपल्याकडे रंगमंचावरचा जादूगार आठवतो, नाहीतर ‘आठ दिवसांत सिगारेट सोडा’ अशी जाहिरात. प्रयोगशाळेतलं संमोहन फार कोरडं असतं. आवाज शांत, मजकूर कागदावर लिहिलेला, सगळ्यांना शब्दशः तोच. १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आंद्रे वाइट्झेनहोफर आणि अर्नेस्ट हिलगार्ड यांनी संमोहनक्षमतेची मोजपट्टी तयार केली, आणि १९६२ साली तिची अधिक अवघड आवृत्ती आली. तिच्यात बारा कसोट्या आहेत. पुढे धरलेला हात जड होऊन खाली जातो का, इथपासून सुरुवात होते. मग खोलीत नसलेला डास गुणगुणताना ऐकू येतो का. एका कसोटीत सांगतात की तुम्हाला आता कसलाच वास येणार नाही, आणि नाकाखाली अमोनियाची बाटली धरतात. एरवी झटकन मान मागे जाईल असा तो वास. पण काही माणसं शांतपणे श्वास घेतात आणि म्हणतात, काही नाही.

या पट्टीवर उंच गुण मिळवणारे साधारण दहा ते पंधरा टक्के, जवळजवळ शून्यावर राहणारेही तेवढेच, बाकीचे आपण सगळे मध्ये. हा गुण बऱ्यापैकी कायमचा असतो. स्टॅनफर्डमध्ये तपासलेल्या काहींना पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांचे गुण आधीच्या गुणांशी चांगले जुळले. दुबळ्या मनाची किंवा भोळी माणसंच संमोहित होतात, ही समजूत मात्र टिकत नाही.

ही विद्या आजाराच्या अभ्यासासाठी वापरण्याची कल्पना प्रयोगशाळांच्याही आधीची आहे. १८८५ साली पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को यांच्यापुढे असे मजूर येत होते, ज्यांचा हात अपघातानंतर लुळा पडला होता, पण नसांना इजा सापडत नव्हती. बधिरपणाच्या सीमा नसांच्या रचनेशी जुळत नव्हत्या. लबाडी म्हणून हाकलून देण्याऐवजी शार्कोंनी प्रयोग केला. संमोहित अवस्थेतल्या रुग्णाच्या खांद्यावर थाप मारली, सूचना दिली, आणि अगदी तसाच लुळेपणा, तसाच बधिरपणा निर्माण करून दाखवला. कल्पनेतून खरा लुळेपणा येऊ शकतो, हे त्यांनी भर व्याख्यानात दाखवलं. त्या हिवाळ्यात श्रोत्यांमध्ये व्हिएन्नाहून आलेला सिग्मंड फ्रॉइड नावाचा तरुण डॉक्टर होता.

शार्को एका बाबतीत चुकले. संमोहित होणं हेच आजाराचं लक्षण आहे, असं ते मानत. नान्सी शहरातल्या इप्पोलित बेर्नहाइम यांनी त्यांना विरोध केला: संमोहन म्हणजे सूचनेचा परिणाम, आणि तो धडधाकट माणसावरही होतो. काळाने कौल बेर्नहाइमना दिला. आजचं सगळं संशोधन त्याच पायावर उभं आहे, कारण निरोगी माणसात लक्षण तात्पुरतं आणता येतं म्हणून तर हा खटाटोप.

बेर्नहाइमच्याही कितीतरी आधी हे मर्म ओळखणारा माणूस गोव्याचा होता. १७५६ साली कांदोळी गावात जन्मलेले जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच आबे फारिया. रोममध्ये शिकून पाद्री झाले, पॅरिसला गेले, आणि १८१३ पासून तिथे लोकांसमोर प्रयोग करू लागले. त्या काळी मेस्मेर या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चा, म्हणजे माणसातून माणसात वाहणाऱ्या अदृश्य शक्तीच्या कल्पनेचा, बोलबाला होता. १७८४ सालीच फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, डोळे बांधून घेतलेल्या चाचण्यांत चुंबकत्वाचा फुगा फोडला होता. फ्रँकलिनच्या बागेत एका मुलाला ‘भारलेलं’ झाड शोधायला सांगितलं, आणि तो न भारलेल्याच झाडाशी बेशुद्ध पडला. ही सगळी कल्पनाशक्ती, असा समितीचा निष्कर्ष. समिती तिथे थांबली. फारिया पुढे गेले. कल्पनाशक्ती एवढं करू शकत असेल तर तीच अभ्यासण्याजोगी आहे, शक्ती प्रयोग करणाऱ्यात नसून समोरच्या माणसाच्या एकाग्रतेत आहे, असं त्यांनी १८१९ सालच्या ग्रंथात मांडलं. त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. गोव्याला जाणारे असंख्य मराठी पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. तो कुणाचा आहे आणि का आहे, हे त्यातल्या थोड्यांना जरी कळलं तरी मला बरं वाटेल.

आता सर्वांत मोठी शंका. ही माणसं प्रयोग करणाऱ्याला खूश करायला नाटक करत नसतील कशावरून? ही शंका गांभीर्याने घेणारा संशोधक म्हणजे मार्टिन ओर्न. प्रयोगात भाग घेणाऱ्याला आपल्याकडून काय अपेक्षित आहे याचा अंदाज येतो आणि तो त्याप्रमाणे वागतो, हे त्याने दाखवलं. त्यावर त्याने तोडगाही काढला. संमोहित न होणारी काही माणसं घ्यायची, त्यांना गुपचूप सांगायचं की तुम्ही संमोहित झाल्याचं सोंग करा, आणि कोण खरं कोण सोंगी हे प्रयोग घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही. सोंग करणारे सहसा जरा जास्तच करतात; खऱ्यांची उत्तरं चाचपडणारी, माणसागणिक वेगळी असतात. दोन्ही गट सारखेच वागले तर मात्र संशोधकाला मोठा दावा करता येत नाही. आरशाच्या प्रयोगांतही असा सोंगी गट ठेवला गेला.

सोंगाचा हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. हातपाय एकाएकी लुळे पडलेली एखादी सून, परीक्षेच्या तोंडावर वाचा गेलेला एखादा मुलगा, तपासण्या सगळ्या नॉर्मल. घरात कुजबुज सुरू होते: नाटकं आहेत सगळी. कधी डॉक्टरही तसं सुचवतात. म्हणून ब्रिटनमधल्या पीटर हॅलिगन, डेव्हिड ओकली आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला छोटासा अभ्यास मला मोलाचा वाटतो. त्यांनी एका तरुणाला संमोहित करून डावा पाय हलणार नाही अशी सूचना दिली, आणि तो पाय हलवायचा प्रयत्न करत असताना मेंदूचा पेट स्कॅन घेतला. १९९७ साली अशाच, शारीरिक कारण न सापडलेल्या लुळेपणाच्या एका बाईचा स्कॅन प्रसिद्ध झाला होता. मेंदूच्या उजव्या बाजूचे पुढचे जे दोन भाग तिच्यात सक्रिय दिसले, तेच या तरुणातही दिसले. मग २००३ साली बारा जणांना एकदा संमोहनाने लुळेपणा आणून आणि एकदा मुद्दाम लुळेपणाचं सोंग करायला लावून तपासलं. बाहेरून पाय दोन्ही वेळा तसाच निपचित. आत मेंदूचं काम वेगळं.

याचा अर्थ कोडं सुटलं असा नाही. जिनिव्हातल्या गटाने २००९ साली एफएमआरआय वापरून डाव्या हाताचा लुळेपणा तपासला, तेव्हा चित्र बदललं. हात हलवायची तयारी मेंदूत नेहमीसारखी सुरू झालेली दिसली. पण हालचाल चालवणारा भाग, मनातल्या प्रतिमा आणि स्वतःविषयीची जाणीव यांच्याशी संबंधित अशा एका भागाशी जास्त घट्ट जोडला गेला होता. म्हणजे वरून कुणी ब्रेक दाबल्याच्या खुणा नव्हत्या. ‘माझा हात हलत नाही’ ही प्रतिमाच हाताचा कारभार पाहत होती. कोणता नकाशा बरोबर यावर अजून वाद आहे, आणि हे सगळे अभ्यास थोड्या माणसांवरचे आहेत. एका मुद्द्यावर मात्र ते एकत्र येतात: असा लुळेपणा अनुभवणं आणि तो मुद्दाम दाखवणं, या मेंदूच्या दोन वेगळ्या स्थिती आहेत. ‘नाटक करतेस’ म्हणण्याआधी एवढं माहीत असायला हवं.

फिलिप झिम्बार्डो, सुझन अँडरसन आणि लोरेन कॅबाट यांनी १९८१ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर थेट आपल्या घरांत शिरतो. उतारवयात ऐकू कमी येऊ लागलेली काही माणसं संशयी का होतात, असा प्रश्न होता. निरोगी तरुण विद्यार्थ्यांना संमोहनात सूचना दिली, की ठरलेली खूण दिसली की तुम्हाला इतरांचं बोलणं नीट ऐकू येणार नाही. काहींना ही सूचना विसरायला सांगितलं, काहींच्या ती लक्षात राहू दिली. मग त्यांना दोन जणांबरोबर खोलीत बसवलं. ते दोघे प्रयोगातलेच होते, आपसात गप्पा मारत हसत होते. ज्यांना कारण माहीत होतं त्यांना फारसं काही झालं नाही. ज्यांना फक्त एवढंच जाणवत होतं की हे दोघे हळू आवाजात बोलून हसताहेत, ते चिडले, तुटक झाले, आणि संशयीपणाच्या मोजपट्ट्यांवर त्यांचे गुण वाढले. गटात मोजकीच माणसं होती, तेव्हा यावर इमारत उभी करू नये. पण ‘सगळे माझ्याबद्दलच कुजबुजतात’ म्हणणाऱ्या आजोबांच्या कानांची तपासणी आधी व्हावी, एवढं सांगायला हा प्रयोग पुरेसा आहे. इथे संशय नुसत्या बहिरेपणाने आणला नाही. ज्याचं कारण कळलं नाही त्या बहिरेपणाने आणला. दोन्ही वेगळे करून दाखवणं रुग्णांवर कधी जमलं नसतं.

अशीच एक सुटी कडी कॅनडातल्या एरिक वूडी आणि हेन्री शेख्टमन यांच्या गटाने मंत्रचळाबाबत काढून पाहिली. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या माणसाला घाणीची भीती जास्त असते, असं आपण समजतो. त्यांचा अंदाज वेगळा होता: भीती सर्वांसारखीच, पण ‘झालं आता, स्वच्छ झाले’ ही आतून येणारी समाधानाची जाणीव त्याला होत नाही, म्हणून हात थांबत नाहीत. २००५ साली त्यांनी निरोगी माणसांत घाण लागल्याची कल्पना जागवली आणि ती समाधानाची जाणीव संमोहनाने अडवली. संमोहनाला प्रतिसाद देणाऱ्यांचं धुणं लांबलं; न देणाऱ्यांचं लांबलं नाही. मंत्रचळाच्या माणसाला ‘हात स्वच्छ आहेत, दिसत नाही का?’ असं विचारण्यात अर्थ का नाही, ते यातून कळतं. त्याला दिसतं. त्याला वाटत नाही.

प्रयोगशाळेतलं लक्षण आणि आजार यांतलं अंतर मात्र विसरून चालणार नाही. संमोहित विद्यार्थ्याचा पाय अर्धा तास हलत नाही; रुग्णाची नोकरी जाते, लग्न मोडतं, वर्षं जातात. विद्यार्थ्याने संमतीपत्रावर सही केलेली असते, सूचना मागे घेतली जाते, घरी सोडण्याआधी सगळं पूर्ववत झालं ना हे तपासलं जातं. आणि हे सगळं ज्यांच्यावर जमतं ती माणसं लोकसंख्येच्या जेमतेम दहा-पंधरा टक्के असल्यामुळे, त्यांच्या मेंदूवरून सर्वांविषयी बोलताना जपावं लागतं. नक्कल जुळली म्हणजे मूळ तसंच घडलं, असं होत नाही. तसं घडू शकतं, एवढंच.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये क्विंटन डीली, एमन वॉल्श, ओकली आणि हॅलिगन यांनी अलीकडे ज्या दिशेला पावलं टाकली, तिकडे आपल्याकडच्या संशोधकांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. स्कॅनरमध्ये पडून जॉयस्टिक हलवायची, एवढंच काम. पण सूचना वेगवेगळ्या: कधी एक इंजिनिअर दुरून तुमचा हात चालवतो आहे, कधी तो तुमच्यात शिरून चालवतो आहे, कधी नुसतं यंत्र चालवतं आहे. पहिल्या दोन्ही गोष्टी जगात माणसं खरोखर सांगतात; एक स्किझोफ्रेनियात, दुसरी देवाच्या किंवा भुताच्या संचारात. हात तोच, हालचाल तीच. तरी हात चालवणारा कोण, याच्या कल्पनेनुसार मेंदूतल्या जोडण्या बदलल्या. महाराष्ट्रात अंगात येणं जत्रेत, आरतीला, देवीच्या गोंधळात आजही दिसतं. कुणी त्याला श्रद्धा म्हणतं, कुणी अंधश्रद्धा, कुणी आजार. त्या घटकेला त्या बाईच्या हाताची मालकी तिच्या मेंदूत कुणाकडे असते, तिने तो अनुभव कुणाकडून उचलला, आणि आरती संपल्यावर ती चुटकीसरशी भाकऱ्या थापायला कशी बसते, हे तपासायची साधनं आता हाताशी आहेत. मोजपट्टी आहे, सोंगी गटाची युक्ती आहे, स्कॅनर पुण्या-मुंबईत आहेत.